चौकट काढता येते, खांब नाही

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

परवाच्या एकाच अंकात एकाच गोष्टीची तीन नावे वाचली. पहिल्या पानावर ‘संविधानाची मूलभूत चौकट’, अग्रलेखात ‘पायाभूत संरचना’ आणि आतल्या पानावर ‘मूळ ढाचा’. हा तिसरा बहुधा हिंदी बातमीवरून घाईघाईत उतरलेला. तिन्हीकडे विषय केशवानंद भारती खटल्याचाच होता. मला कायद्यातले फार कळत नाही. पण जन्म बांधकामावर ओव्हरसियर म्हणून गेला, त्यामुळे चौकट कशाला म्हणतात ते कळते.

आमच्या वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी माजघराच्या दाराला वाळवी लागलेली निघाली. मिस्त्री म्हणाला, “चौकट काय, दुपारपर्यंत काढून देतो.” आणि दिलीही. भिंतीला दोन टेकू लावले, संध्याकाळी नवी चौकट बसली. मधल्या खांबाचा विषय काढल्यावर मात्र त्याने हातातली पहार खाली ठेवली. “तो हलला तर तुळई येईल, तुळईमागे वासे, आणि वाशांमागे आपण दोघं.” त्या खांबाला आम्ही आजवर हात लावलेला नाही.

आता या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २४ एप्रिल १९७३ चा निकाल पाहा. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण जे काढले की घटना घटना राहणार नाही त्याला हात लावता येणार नाही, असे बहुमताने ठरले. म्हणजे हे वर्णन सरळ खांबाचे आहे आणि आपण त्याला नाव देतो चौकटीचे! मूळ इंग्रजी निकालात ‘बेसिक स्ट्रक्चर ऑर फ्रेमवर्क’ असे जोडशब्द आहेत, त्यातल्या दुसऱ्यावरून ‘चौकट’ आली असावी, हे मान्य. त्याआधी, १९६५ मध्ये, घटनादुरुस्तीवरच्याच सज्जनसिंग खटल्यात न्या. मुधोळकरांनी ‘बेसिक फीचर’ हा शब्द वापरून विचारले होते की, असा बदल ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणे. फीचर म्हणजे नाकडोळे. पुढे गोष्ट हाडांपर्यंत गेली. हा फरक मराठीत उतरायला नको का?

‘सांगाडा’ हाडांच्या जवळचा खरा, आरसीसीच्या कामावर आम्ही तोच म्हणायचो. पण साइटबाहेर त्याला स्मशानाचा वास येतो. ‘आराखडा’ कागदावर असतो, इमारत उभी असो वा नसो. म्हणून अभ्यासक्रमाचा आराखडा ठीक, घटनेचा नव्हे. ‘पायाभूत सुविधा’ आणि ‘मूलभूत सुविधा’ यांची सरमिसळ तर रोजचीच: नळाचे पाणी आणि शौचालय ही माणसाची मूलभूत गरज, धरण आणि पूल या पायाभूत सुविधा. एका फलकावर ‘पायाभूत सुविधांचा पाया भक्कम’ असेही वाचले. पायाखाली आणखी एक पाया, चांगलेच आहे.

मला विचाराल तर शब्द घरातच आहे. आपण कॉन्स्टिट्यूशनला ‘राज्यघटना’ म्हणतो. घटना आणि घडण एकाच धातूतून आलेले सख्खे भाऊबंद. मग ‘घटनेची मूळ घडण’ म्हणायला काय हरकत? ‘संरचना’ही चालेल, जरा परीटघडीची वाटते एवढेच. पण एका अंकात एकच शब्द ठेवा.

आणि ‘चौकट’ तर आपण वापरूच नये. तुमच्या कचेरीतही हा शब्द आहेच. बातमीच्या पोटात रेघा मारून बसवलेल्या मजकुराला तुम्ही चौकट म्हणता. रात्री उशिरा जाहिरात आली की पानावरून सगळ्यांत आधी काय उडते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कळावे,
एक निवृत्त ओव्हरसियर, वाई