बटणाचा फोन टाकून द्यायचा नाही, बाबा

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई,
साष्टांग नमस्कार.

भाऊ एकादशीच्या आधी गावी येतोय. त्याच्यासोबत नवा स्मार्टफोन पाठवतेय. बाबा, तुम्ही हो म्हणालात, पण मनापासून नाही, हे मला आवाजावरूनच कळलं. पोरं मागं लागली म्हणून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहते. तसं होऊ नये म्हणून फोनच्या आधी हे पत्र. दोघं मिळून सावकाश वाचा.

तुमचा नकार मला कधी हट्ट वाटला नाही. तुमच्या हातातला पहिला मोबाईल मला चांगला आठवतो, नोकिया ११००. तो बाजारात आला २००३ साली, आणि त्याच वर्षी येणाऱ्या फोनचे पैसे कापणं बंद झालं. म्हणून तर आपल्यासारख्या घरांत मोबाईल शिरला. त्या फोनच्या बटणांत धूळ शिरत नव्हती, घामेजल्या हातातून तो सटकत नव्हता, आणि डोक्यावर टॉर्च होता. तो करणाऱ्यांनी तुमच्यासारख्या माणसाचा हात डोळ्यांपुढे ठेवला होता. रात्रपाळीची लाईट आली की त्याच उजेडात तुम्ही मोटर चालू करायला जायचात. आत्ताचा तुमचा फोनही त्याच वळणाचा आहे. एकदा चार्ज केला की दिवसेंदिवस चालतो, पडला तर बॅटरी परत बसवायची की झालं.

नव्या फोनमध्ये यातलं बरंचसं नाही. पडला तर काच फुटेल. चार्जिंगला रोज लावावा लागेल. अंधारात नुसत्या अंगठ्यानं चाचपून त्यावर नंबर लागत नाही. तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत म्हणूनच मी एक व्यवस्था ठरवली आहे.

जुना फोन जुन्या नंबरासकट तुमच्या खिशातच राहणार. बँकेला, आधारला, पेन्शनला तोच नंबर जोडलेला आहे, तो तिथून हलवायचा नाही. नव्या फोनमध्ये वेगळं सिमकार्ड घालून देते, नेटचं रिचार्ज त्यावर. त्या फोनमध्ये बँकेचं काही ठेवलेलं नाही, पैसे पाठवायचं कुठलंही ॲप नाही. एखाद्या कामाला ओटीपी लागला तर तो जुन्या फोनवर येईल, तिथून वाचून नव्यावर टाकायचा. थोडं लांबचं वाटेल, पण पैशाची चावी तुमच्या ओळखीच्या फोनमध्येच राहील. जुन्या नंबराला नेट नको असताना नेटचे पैसे भरावे लागतात, ही तुमची कुरकुर रास्त होती. नुसतं बोलणं आणि मेसेज एवढ्यासाठी वेगळं रिचार्ज ठेवा, असं फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. आता ते मिळतं. दुकानात तेच मागा.

आता मी एवढी मागं का लागले, ते सांगते.

गेल्या खरिपात ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे फोनवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला, तुम्हाला दुसऱ्याच्या पोराची वाट बघत बसावं लागलं. तो आज येतो, उद्या येतो म्हणायचा, आणि तुम्ही घरात थांबायचात. शेवटी तो आला, बांधावर उभा राहून त्यानं फोटो काढला, काय भरलं ते तुम्हाला दिसलंसुद्धा नाही. आईनं मला हे सांगितलं तेव्हा फार लागलं मनाला. रान तुमचं, पेरा तुमचा, सातबारा तुमच्या नावाचा, आणि त्यात सोयाबीन आहे की तूर हे लिहिण्यासाठी तुम्ही परक्याच्या सवडीवर!

पूर्वी तलाठी पेरा लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ते काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. चांगलं झालं की वाईट, यावर तुम्ही पारावर किती तरी वेळा बोलला आहात, आणि माझंही मत आहे की ज्याच्याकडे मोठा फोन नाही त्याच्यावर यात अन्याय होतो. पण नोंद नसली तर नुकसान आपलं. हमीभावानं सोयाबीन घालायला गेलं की सातबाऱ्यावरचा पेरा बघतात. नुकसानभरपाईला तो लागतो, विम्यात पेरलेलं एक आणि सातबाऱ्यावर दुसरं निघालं तर दावा अडकतो. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला सरकारनं हेक्टरी ५ हजार रुपये दिले, तेव्हाही आधी ई-पीक पाहणीचीच यादी काढली होती.

ती नोंद तुम्ही स्वतः करावी, एवढंच मला हवं आहे. अवघड नाही. जिल्हा, तालुका, गाव, मग आपलं नाव, गट नंबर. पीक कोणतं, किती क्षेत्र, पाणी कशाचं. शेवटी रानात उभं राहून पिकाचा फोटो. सगळं मराठीत आहे. चुकलं तर ४८ तासांच्या आत स्वतःच दुरुस्त करता येतं, म्हणून भिऊन बोट आखडायचं कारण नाही.

बाबा, तुम्ही किती तरी वर्षं कंडक्टर म्हणून तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन धावत्या एसटीत उभे राहिलात. बार्शी-लातूरच्या खचाखच गाडीत, एका हातानं दांडी धरून. मग एक दिवस डेपोत तिकिटाचं मशीन हातात दिलं. त्या रात्री तुम्ही जेवताना गप्प होतात, मला आठवतं. टप्पे मशीनमध्ये शोधायला वेळ लागायचा, प्रवासी ओरडायचे, वे-बिलाचा हिशोब जुळेल की नाही याची धास्ती असायची. पण पुढं डेपोत नवीन लागलेली पोरं तुमच्याकडे विचारायला यायची. मशीन तुमच्या आवडीचं नव्हतंच, तरी तुम्ही ते स्वतः शिकलात, दुसऱ्याला तिकीट फाडायला लावलं नाही. हा फोन शिकताना तुमच्याजवळ तेवढीच जिद्द आहे, फक्त मागं घंटी मारणारं कुणी नाही. हवा तेवढा वेळ घ्या.

बोटाचं एक सांगते, कारण भाऊच्या फोनवर तुम्ही वैतागला होतात. ही काच जोरानं दाबली म्हणून ऐकत नाही. माणसाच्या कातडीतून वीज वाहू शकते, त्यानं काचेवरच्या बारीकशा विद्युतभारात फरक पडतो, आणि तो फरक तिला कळतो. तुमची बोटं खुरप्यानं, दोरानं घट्टे पडून कोरडी झाली आहेत, म्हणून काच ती पटकन ओळखत नाही. दोष तुमच्या बोटांचा नाही. नख लावू नका, बोटाचा मऊ भाग टेकवा, हलकेच टेकवा आणि लगेच उचला. फार वेळ दाबून धरलं की भलतंच काहीतरी उघडतं. तसं झालं तर खालचं मधलं बटण, परत सुरुवातीच्या पडद्यावर. अक्षरं सगळ्यांत मोठी करून देते.

त्याच बोटांमुळे पेन्शनच्या दाखल्याला दरवर्षी हाल होतात. केंद्रावर अंगठा उमटत नाही, पुसून परत, दुसरं बोट, "काका, उद्या या". आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर नुसता चेहरा धरून हयातीचा दाखला देता येतो. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन ॲप लागतात, ती टाकून ठेवली आहेत. तुमची पेन्शन ईपीएफची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीतच द्यायला हवा असंही नाही. वर्षात कधीही दिला तरी पुढं वर्षभर चालतो. पेन्शनचा पीपीओ नंबर डायरीत आहे ना, तो शोधून ठेवा.

आई, तुझं काम वेगळं आहे. नाशिकच्या मावशीला गुडघ्याचं दुखणं झाल्यापासून ती गावी येऊ शकत नाही आणि तू तिकडं जात नाहीस. तुमचं बोलणं मिस्ड कॉलवर चालतं, एक वाजवला म्हणजे बरी आहे, दोन वाजवले म्हणजे फोन कर. तुम्हा दोघींना समोरासमोर बसून बोलायला मिळावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय. सुरुवातीच्या पडद्यावर मावशीचा, माझा आणि भाऊचा फोटो लावते. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या फोटोवर बोट ठेव. लिहायचं असेल तर माइकच्या चित्रावर बोट ठेवून मराठीत बोल, फोन लिहून घेतो. आपल्या बोलीतले काही शब्द चुकीचे लिहील, तरी पाठव, आम्हाला समजतं.

तुमच्या मनातली मोठी भीती फसवणुकीची आहे, आणि गावात ज्यांचे पैसे गेले त्यांचं बघून ती आणखी वाढली. ती भीती सोडू नका. फक्त ती नेमकी कुठं बाळगायची तेवढं ठरवून घेऊ. फसवणारा माणूस साध्या फोनवरही येतोच, "आज रात्री लाईट कापणार, या नंबरवर फोन करा" म्हणून. मोठ्या फोनवर त्याच्या हातात जास्त हत्यारं असतात. लग्नपत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून एखादी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाईल, येते, ती उघडली की फोनमधलं सगळं त्याला दिसू लागतं. कुणीही पाठवली, अगदी ओळखीच्या नंबरावरून आली, तरी उघडायची नाही, कारण ओळखीच्याचाच फोन आधी फसलेला असतो. दुसरा प्रकार व्हिडिओ कॉलचा. अंगावर पोलिसाचे कपडे, मागं ठाण्यासारखी भिंत, आणि "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कुणाला सांगू नका". असली अटक कायद्यात नाहीच. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. बाबा, तुम्ही कायद्याला मान देणारी माणसं, म्हणून या सोंगाला तुमच्यासारखेच आधी घाबरतात. तेव्हा फोन ठेवून द्या आणि मला लावा. मी मीटिंगमध्ये असो की झोपलेली असो, उचलीन. कधी पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरला फोन करा. लवकर कळवलं तर पैसे मधल्या खात्यात अडवता येतात. आणि मला सांगायला संकोचू नका. रागावणं दूरच, आधी मी गाडीत बसेन.

पोरं पारावर शेजारी शेजारी बसतात आणि फोनमध्येच बघतात, तसं आपल्या घरात नको, असं तुम्ही म्हणालात. मलाही नकोच. म्हणून खणखण वाजणाऱ्या सगळ्या सूचना बंद करून देते, फक्त फोन आला तर वाजेल. संध्याकाळी दिवा लागला की तो देवळीत चार्जिंगला. बातम्यांचं म्हणाल तर पेपर बंद करू नका.

आषाढी झाली की मी चार दिवस येते. ऑगस्टमध्ये पाहणी सुरू होते, त्याआधी रानात जाऊन एकदा सगळं करून बघू. खोटा फोटो काढून, नोंद न पाठवता.

तोवर एक काम करा. आईच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या, तुमचाही. तुम्ही पेपर हात लांब करून वाचता, तो चष्मा जुना झालाय. बार्शीला याल त्या दिवशी दोघांनीही डोळे दाखवा आणि काचा लगेच टाकायला द्या. पैसे मी भावाजवळ दिले आहेत.

तुमची,
मोठी