दापोलीच्या संगणकाच्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की दापोलीत झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांवर मुलांची रीघ लागते. त्यात तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलाची फाइल उघडताक्षणी ओळखू येते. वर एक ओळ घातली तरी खालची मांडणी विस्कटत नाही. यासाठी तुमचे मनापासून आभार. हे शिकवायला वेळ लागतो, आणि ते शिकवलंय हे छापील कागदावर कुणाला दिसतही नाही.

वर्डमध्ये नवं पान हवं म्हणून बहुतेक जण एंटर दाबत सुटतात. मग वर एक परिच्छेद वाढला की पुढचं शीर्षक पानाच्या मध्यावर येऊन बसतं. तुमची मुलं कंट्रोल-एंटर देतात, त्याने थेट नवं पान सुरू होतं. आंब्याचं दरपत्रक करताना रकमा स्पेस मारून जुळवत नाहीत, डेसिमल टॅब लावतात, म्हणजे सगळ्या रकमांचे दशांश बिंदू एकाखाली एक येतात. स्पेसने जुळवलेला रकाना फॉन्ट बदलला की वाकडा होतो, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून स्पेस, टॅब, एंटरच्या लपलेल्या खुणा तपासायची सवय तर या धंद्यातल्या अनेकांनाही नसते.

मराठीसाठी तुम्ही युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहणारी पद्धत) आणि इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) यांचा आग्रह धरलात, हे फार मोलाचं. जुन्या फॉन्टमधला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आणि तो 'ऱ्य'! साध्या 'र'ला हलन्त देऊन 'य' जोडला की रफार चढतो, 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' होतं. इनस्क्रिप्टमध्ये त्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. तुमची मुलं हे कीबोर्डकडे न बघता टाइप करतात. इथल्या होमस्टेच्या माहितीपत्रकांत हा शब्द सारखा येतो, म्हणून फरक लगेच जाणवतो.

प्रोजेक्टमध्ये शीर्षकांना वर्डमधली हेडिंग स्टाइल दिलेली असते, त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. छापण्याआधी तिच्यावर क्लिक करून एफ-९ दाबायचं, नाहीतर जुनेच पानक्रमांक छापले जातात, हेही मुलं विसरत नाहीत. कागद ए-४च निवडलेला असतो. लेटर मापाचं पान सुमारे १८ मिलिमीटर आखूड असतं, ते ए-४वर छापलं की समास बिघडतात.

पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. वर्डमध्ये ऑटोरिकव्हरची, म्हणजे काम आपोआप जपून ठेवण्याची, वेळ मुळात १० मिनिटं असते, ती तुम्ही २ वर आणायला लावता. शिवाय पहिली ओळ लिहायच्या आधी फाइलला नाव. उत्तम!

नव्या तुकडीचे अर्ज कागदावर तपासायचे असतील तर मुलांना सकाळी दुकानात पाठवा. कच्च्या प्रती काढून देऊ, पैसे घेणार नाही.

आपले,
दापोलीतले डीटीपीवाले