आईच्या गोळ्यांची यादी कुणी पाहिली?

संपादक महोदय,

माझी आई ७८ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झाले आणि गोव्यातल्या वाळपईहून रुग्णालयात रोजची ये-जा सुरू झाली. मशीनवर जेमतेम काही मिनिटे, पण प्रवासात नि ताटकळण्यात सबंध दिवस जाई. तिसऱ्या आठवड्यात ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. रक्तदाबाच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, झोपेच्या दुसऱ्यांच्या. सगळी यादी एकत्र कुणीच पाहिली नव्हती.

स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक रुग्णांना पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत रेडिएशनच्या १५ मात्रा पुरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तर सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांना आठवड्याभरात दिलेल्या ५ मात्राही तितक्याच उपयोगी ठरल्या. आईला यातले काय चालले असते, हे तज्ज्ञच सांगणार. पण हा विषय आमच्यासमोर निघालाच नाही!

उपचार ठरवताना कॅन्सरतज्ज्ञांबरोबर वृद्धरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञही बसावेत. रुग्ण किती चालतो, काय जेवतो, घरी सोबत कोण आहे, हे आधी विचारावे. सत्तरी, काणकोण, पेडण्याहून येणाऱ्या वृद्धांसाठी गोव्यात ही पद्धत सक्तीची व्हावी.

– एक वाचक, वाळपई