आमदारांकडे जाण्यापूर्वीचा गृहपाठ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सर्वांना परवडणारी आणि हक्काची आरोग्यसेवा मिळावी, अशी मागणी घेऊन महाविद्यालयीन विद्यार्थी आमदारांना भेटल्याची छायाचित्रे अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. छायाचित्राची मांडणी ठरलेली असते. मध्ये आमदार, त्यांच्या हातात निवेदनाचे एक टोक, दुसरे टोक विद्यार्थी प्रतिनिधीच्या हातात आणि सर्वांची नजर कॅमेऱ्याकडे. त्या कागदाचे पुढे काय झाले, याची बातमी मात्र माझ्या वाचनात कधी आलेली नाही. सांगलीत राज्यशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली असल्याने या दोषाचा काही वाटा आम्हा शिक्षकांकडेही येतो, हे मान्य करून हे पत्र लिहीत आहे. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य, हे आमचे विद्यार्थी झोपेतही सांगतील. पण त्यांपैकी आपल्या मतदारसंघातील सदस्याकडून नेमके काय मागता येते, हे आम्ही त्यांना कधी शिकवले नाही.

लोकप्रतिनिधींना भेटून, माहिती देऊन, पुन्हा पुन्हा पाठपुरावा करून एखादा कायदा किंवा तरतूद पदरात पाडून घेण्याला इंग्रजीत जे नाव आहे, त्याला आपल्या भागात चांगला वास येत नाही. ‘लॉबी’ म्हटले की आपल्याला साखर लॉबीच आठवते. पण अमेरिकेत वैद्यकीय आणि परिचर्या (नर्सिंग) शाखेचे विद्यार्थी ठरावीक दिवशी राज्याच्या विधिमंडळात जाऊन सदस्यांना भेटतात आणि त्यासाठी आधी प्रशिक्षण घेतात, यात गैर काहीच मानले जात नाही. साखरेला जे जमते ते रक्तदाबाच्या गोळीला का जमू नये, असा प्रश्न मी वर्गात विचारत असे. मुले हसत आणि तास संपे. निवृत्तीनंतर काही तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने राष्ट्रीय सेवा योजनेतील आणि परिचर्या शाखेतील विद्यार्थ्यांसाठी याची प्रत्यक्ष तालीम घेऊन पाहिली. त्यातून जे हाती लागले, ते सातारा-सांगलीतील इतर महाविद्यालयांना उपयोगी पडेल, असे वाटते.

पहिली अडचण दार ओळखण्याची आहे. आरोग्याचे गाऱ्हाणे घेऊन मुले खासदारांकडे जायला निघतात, कारण दिल्ली त्यांना मोठी वाटते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत. म्हणजे कायदा करण्याचा मुख्य अधिकार मुंबईतल्या विधिमंडळाचा. दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी ८ विधानसभा मतदारसंघ आहेत. शिवाय पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून निवडून जाणारे विधान परिषद सदस्य आपलेही आमदार असतात, हे तर अनेक प्राध्यापकांच्याही ध्यानात नसते. त्यापुढची गुंतागुंत वेगळीच आहे. गावचे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे. हा फरक न कळता ‘सरकारी दवाखाना सुधारा’ असे लिहून दिले, तर आमदार तो कागद सद्भावनेने पुढे पाठवतात आणि प्रत्येक विभाग तो दुसऱ्याचा ठरवतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, कारण ती समजुतीची आहे. तालमीच्या पहिल्याच बैठकीत एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, आता सगळ्यांना पाच लाखांचा विमा आहेच, मग मागायचे काय?’ प्रश्न रास्त होता. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी योजना जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. हे मोठे पाऊल आहे आणि विद्यार्थ्यांनी ते आमदारांसमोर मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ज्या आजारात माणूस दाखल होत नाही, पण आयुष्यभर दररोज गोळी घ्यावी लागते, त्याचे काय?

याचे उत्तर मला जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका शिबिरात मिळाले. तिथून मिरजेला यायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास पडतो. विद्यार्थी घरोघर आरोग्य सर्वेक्षणाचे अर्ज भरत होते. एका आजींनी पत्र्याच्या डब्यातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. गोळी रोज एक घ्यायची होती, त्या एक दिवसाआड घेत होत्या. परिचर्या शाखेच्या मुलीने कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘रोज घेतली तर महिना जात न्हाई बाळ.’ जवळच्या आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट होत्या, पण दर खेपेला आठ-दहा दिवसांच्याच मिळत आणि कधी साठाच आलेला नसे. सुनेचा रोज बुडवून तेवढ्यासाठी जायचे, त्यापेक्षा दुकानातून आणलेली पट्टी पुरवून पुरवून वापरणे त्यांना सोयीचे वाटत होते. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, पाच लाखांचे कार्ड त्यांच्या घरात होते, आणि तरीही त्यांची आरोग्यसेवा निम्मीच होती. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला. तो आकडा मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. आजींची पट्टी पाहिल्यावर मुलांना तो पहिल्यांदा समजला, आणि खरे सांगायचे तर मलाही.

त्या सर्वेक्षणाचे अर्ज कुठे आहेत, असे कोणी विचारील. जिथे दर वर्षीच्या शिबिराचे असतात तिथेच: विभागाच्या कपाटात, अहवालाच्या फायलीत, छायाचित्रांच्या मागे. सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात गोळा होणारी ही माहिती हेच विद्यार्थ्यांचे खरे भांडवल आहे, कारण आमदारांच्या स्वीय सहायकाकडेही गावनिहाय असे काही नसते. तिला माहितीच्या अधिकाराची जोड द्यावी. मंजूर पदे किती, भरलेली किती, अमुक औषध वर्षभरात किती दिवस उपलब्ध नव्हते, असे साधे प्रश्न विचारावेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचे शुल्क पडते आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. म्हणजे अधिवेशनाच्या दोन महिने आधी कामाला लागावे लागते. आपल्याकडे अधिवेशन सुरू झाल्याची बातमी वाचून निवेदन लिहायला घेतात.

तालमीत आमदारांची भूमिका मी स्वतः केली. पहिल्या गटाने प्रारंभ १९४६ च्या भोर समितीच्या आरोग्यविषयक अहवालापासून केला, तिथून प्राथमिक आरोग्यसेवेवरील १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेवर आला आणि सात मिनिटे झाली तरी त्यांना माझ्याकडून काय हवे आहे ते मला कळले नाही. दरम्यान मी दोनदा फोन घेतला, एका कार्यकर्त्याला लग्नाला येतो म्हणून सांगितले आणि शेवटी ‘कागद पीएकडे द्या’ म्हणून उठलो. मुलांना राग आला. पण आमदारांच्या घरी शनिवार-रविवारी सकाळी जो गेला आहे, त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. तिसऱ्या तालमीला त्याच गटातील मुलीने आधी डबा असलेल्या आजींची हकीकत दोन वाक्यांत सांगितली, मग आपल्या तालुक्यातील रिक्त पदांचा कागद पुढे ठेवला आणि विचारले, ‘या अधिवेशनात हा तारांकित प्रश्न आपण द्याल का? मसुदा आम्ही करून आणला आहे.’ या वाक्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर देता येते. हो म्हटले तर महिन्याभराने पुन्हा जाऊन विचारता येते.

सदस्याच्या हातात किती आयुधे असतात, हे विद्यार्थ्यांना या निमित्ताने शिकवता येते. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना आहे. आरोग्य विभागाच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा कपात सूचना देऊन तरतुदीचा हिशेब मागता येतो. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते आणि त्यासाठी २०२० हे वर्ष ठरवले होते, ही आठवण तिथे करून देता येते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा माग ठेवणारी आश्वासन समिती असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि मूळ मागणी आरोग्य हक्काच्या कायद्याची असल्याने मंत्री नसलेल्या सदस्याला मांडता येणाऱ्या अशासकीय विधेयकाचा मार्गही आहे. ती विधेयके क्वचितच संमत होतात, पण विषय नोंदीवर येतो.

अर्थात कायदा मागायचा तर ‘पैसा कुठून आणणार’ या प्रश्नाला उत्तर हवे. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्याने २०११ मध्ये सर्वांसाठी एकच सार्वजनिक आरोग्यव्यवस्था उभारण्याचा कायदा केला आणि कराचा बोजा परवडत नाही म्हणून २०१४ च्या अखेरीस तिथल्या गव्हर्नरांनी ती योजना सोडून दिली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने अशा स्वरूपाचे विधेयक २००६ आणि २००८ असे दोनदा संमत केले, पण गव्हर्नरांनी दोन्ही वेळा ते नाकारले. ही उदाहरणे मी मुलांना नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. कारण याच प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याने एकदा देऊन ठेवले आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना आधी तासगाव तालुक्यात अजमावून पाहिली गेली, पुढे राज्याची रोजगार हमी योजना झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये संसदेने देशासाठी तसाच कायदा केला. रोजगार हमीच्या खर्चासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते याच कराचे. मी वर्गात माझी जुनी पगारपत्रके फिरवली, तेव्हा एका मुलीने विचारले की गावाकडच्या मजुराच्या कामासाठी शहरातल्या पगारदाराकडून पैसे घेता आले, तर आजाऱ्यासाठी निरोग्याकडून का घेता येऊ नयेत. आमदारांसमोर ठेवण्यासारखा यापेक्षा चांगला युक्तिवाद मला तरी सुचलेला नाही.

खासगी डॉक्टरांचे म्हणणे ऐकल्याशिवायही ही तयारी पुरी होत नाही, आणि मिरजेसारख्या आरोग्यपंढरीत तर मुळीच नाही. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत केला, तेव्हा तिथल्या खासगी डॉक्टरांनी मोठे आंदोलन केले. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न घेता उपचार द्यावेत आणि रुग्णाने बिल भरले नाही तर सरकारने ते भरावे, अशी तरतूद होती. सरकार वेळेवर भरील का, ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. बिले थकल्याची तक्रार आपल्याकडचे डॉक्टरही करतात. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १९६२ मध्ये सर्वांसाठी वैद्यकीय विमा लागू झाला, त्या दिवसापासून डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. पुढे तीच व्यवस्था देशभर पसरली. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी उद्या याच व्यवसायात जाणार आहेत; आमदारांनी ‘डॉक्टर विरोध करतील’ असे म्हटल्यावर त्यांनी गप्प बसू नये, म्हणून एका सत्रात मी स्थानिक डॉक्टरांनाच विरोधी बाजू मांडायला बोलावले. ते सत्र सर्वांत चांगले झाले आणि सर्वांत जास्त लांबले.

एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शिक्षणसंस्था चालवणारे आणि निवडणूक लढवणारे नेहमीच वेगळे असतात, असे नाही. एका महाविद्यालयाने तालमीला जागा दिली आणि आदल्या दिवशी काढून घेतली. कारण विचारल्यावर ‘वरून निरोप आहे’ एवढेच कळले. अशा वेळी विद्यार्थ्यांनी कोणत्याही एका पक्षाचा आडोसा घेऊ नये. गळ्यात उपरणे नको, भेटीच्या आधी छायाचित्र नको, आणि सत्ताधारी असोत वा विरोधक, जिल्ह्यातील आठही आमदारांकडे तोच कागद, तेच प्रश्न. प्राचार्यांना भीती असते ती राजकारणाची; मुले आठही दारांत सारखीच उभी राहतात, हे दिसले की ती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

पावसाळी अधिवेशनापूर्वी दोन्ही जिल्ह्यांतील ज्या महाविद्यालयांना अशी तालीम घ्यायची असेल, तिथे मी स्वखर्चाने येईन. आधीच्या सर्वेक्षणाचे अर्ज कपाटातून काढून ठेवावेत, सभागृहाऐवजी वर्गखोली द्यावी आणि शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवू नये, एवढीच विनंती आहे.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
विश्रामबाग, सांगली