दसऱ्याच्या आत मदत हवी: ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं गावात ठेवण्यासाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि नोकरीधंद्यासाठी पुणे, मुंबई, चाकणला गेलेली आपली सगळी मंडळी, सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातली आपली जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा. तिच्या सहावी ते आठवीच्या निकालावर पारावर बरंच बोललं जातं. गुरुजी शिकवत नाहीत इथपासून पोरं मोबाईलमध्ये बुडालीत इथपर्यंत सगळं ऐकून झालं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीनं हजेरीपत्रक आणि गुणपत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या सत्रात वर्ग चांगला चालतो. दुसऱ्या सत्रात त्याचे दोन वर्ग होतात: गावात राहिलेल्यांचा आणि आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलेल्यांचा. राहिलेली मुलं पुढं सरकतात. गेलेली मुलं परत येतात तेव्हा गणिताचा निम्मा भाग त्यांनी पाहिलेलाच नसतो. निकाल पडतो तो इथं.

शाळेत आता कोणाची मुलं उरलीत हेही सांगायला हवं. ऐपत असलेल्या घरांची मुलं सकाळी पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. आपल्या पटावर राहिली ती कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि ऊसतोडीच्या टोळीवर जाणाऱ्यांची. वंजारी, मराठा, बौद्ध, मातंग, धनगर, तांड्यावरचे बंजारा. जात कुठलीही असो, हातात कोयता एकच. तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी, पुस्तकाची भाषा मराठी. पाचवी-सहावीपर्यंत ती सरावतात आणि नेमकं तेव्हाच सहा महिन्यांचं खाडं पडतं.

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, पट मोजला जातो 30 सप्टेंबरला. तेव्हा सगळी मुलं वर्गात असतात. दसरा-दिवाळीत मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक लागतात आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडे गाड्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीनं एका कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून पालकांना दोष देऊ नका. मूल मागं ठेवायचं तर त्याला रांधून कोण घालणार, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला आहेत. दिवाळीनंतर बैठकीला गणसंख्या भरत नाही, कारण सदस्यच उसात असतात!

सहावी ते आठवी हे वय सगळ्यात अवघड. पहिलीतलं लेकरू आजीजवळ राहतं. बारा-तेरा वर्षांची मुलगी मात्र कामाची झालेली असते: कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या. ती मागं राहिली तर रात्री तिच्याजवळ कोण, ही काळजी वेगळीच. या काळजीपोटीच काही घरं मुलीचं लग्न उरकून मोकळी होतात. त्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तिथंही जमलं नाही तर त्याच वर्गात. मुलगा एखादं वर्ष पुन्हा बसेल. मुलीला पुन्हा आठवीला बसवणारं घर आम्ही तरी क्वचितच पाहिलं.

दुसरं नुकसान सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, म्हणजे आपली जवळपास सगळीच घरं बसतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. परीक्षा साधारण डिसेंबरात होते. ज्यांच्यासाठी ती आहे, ती मुलं तेव्हा मोळ्या बांधत असतात.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवण्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि आम्ही प्रस्ताव पाठवतोच. पण मंजुरी येऊन पैसे पोचेपर्यंत ट्रक निघून गेलेले असतात. एकदा मूल गाडीत चढलं की ते गुढीपाडव्याशिवाय परत येत नाही. तेव्हा सुरुवातीचे दोन महिने आपण गावानंच ओढायचे, असं ग्रामसभेत ठरलं आहे.

दुपारचं जेवण शाळेत मिळतं, प्रश्न सकाळ-संध्याकाळचा आणि सुट्टीच्या दिवसाचा आहे. एका मुलाला सहा महिन्यांत साधारण अर्धा क्विंटल धान्य लागतं. ज्वारी, गहू, तूरडाळ, गोडेतेल, गूळ, शेंगदाणे, जे पिकेल ते द्या. स्वयंपाकाला आणि रात्री मुलींजवळ झोपायला गावातल्याच दोन बायका तयार आहेत, त्यांच्या मानधनाची सोय करायची आहे. मुलींच्या खोलीला नवीन दार, आतून कडी, संडासाजवळ दिवा आणि थंडीसाठी चादरी-ब्लँकेटं हवीत. ही खोली आधी, बाकी सगळं नंतर. कारण आई ती खोली पाहूनच मुलीला ठेवायचं की न्यायचं हे ठरवते.

वह्या, दप्तरं, कंपासपेट्या कृपया पाठवू नका. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मिळतात, दप्तरांचा ढीग गेल्या पंधरा ऑगस्टपासून कपाटात पडून आहे. मुलांना ओळीत उभं करून फोटोही काढू देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

पैसे नाहीत पण वेळ आहे, अशांनीही यावं. निवृत्त गुरुजींनी संध्याकाळी दीड तास गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी घ्यावी. कॉलेजच्या पोरांनी उत्पन्नाचे दाखले काढायला मदत करावी. आईबाप एकदा गाडीत बसले की सह्यांसाठी सापडत नाहीत. ज्यांची मुलं बसनं जातात, त्यांनीही हात आखडता घेऊ नये. त्यांच्यातले बरेच जण याच शाळेच्या पायरीवर बसून शिकले आहेत.

धान्य शाळेत आणून द्यावं, वजन करून नोंदवहीत लिहिलं जाईल. पैसे फक्त समितीच्या बँक खात्यात किंवा धनादेशानं. खाते क्रमांक शाळेच्या फलकावर लावला आहे. समितीच्या कोणाही सदस्याच्या हातात रोख देऊ नये, पावती मागून घ्यावी. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फलकावर लागेल आणि बाहेरगावच्या देणगीदारांना फोनवर पाठवला जाईल.

मुलींच्या खोलीचं काम घटस्थापनेला सुरू करायचं आहे. दाराची ऑर्डर त्याआधी द्यावी लागेल, म्हणून पहिली मदत पितृपक्षातच पोचली तर बरं.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामस्थ