कळा चालू असताना बाळाचे ठोके कोण ऐकतंय?

संपादक साहेब, नमस्कार. मागच्या महिन्यात माझी सून बाळंत झाली, आमच्या चोपडा भागातल्याच एका दवाखान्यात. रात्री ११ ला भरती केलं तेव्हा सिस्टरनी डॉपलर लावून ठोके ऐकवले, १४० होते, सगळे खुश, आणि त्यानंतर पहाटे ४ पर्यंत कोणी पोटाला हात लावला नाही, सून कॉटची दांडी धरून बसलेली, मी दोनदा विचारून आले तर एकच उत्तर, मावशी अजून वेळ आहे. पाणमोट फुटली ती हिरवट पाणी, म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली, त्याला त्रास होत असल्याची खूण. मग धावपळ, सिझर. बाळ वाचलं, पण ५ दिवस काचेत होतं.

नंतर कळलं की कळा नीट सुरू झाल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर द्यायच्या वेळी दर ५ मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात, कमीत कमी १ मिनिट, कळ ओसरल्यावर पण. मिनिटाला ११० ते १६० ठीक. कळेत गर्भपिशवी आवळते, वारेला, म्हणजे जिच्यातून बाळाचं पोषण होतं तिला, रक्त कमी जातं, म्हणून कळेत आणि ती ओसरताच ऐकायचं. यासाठी मोठं मशीन लागत नाही, पोटाला लावून ऐकायची साधी नळी किंवा हातातलं डॉपलर पुरतं, लागतो तो माणूस. त्या रात्री सिस्टर एकटी आणि बाया चार, तिला तरी काय बोलणार! सातपुड्याच्या पाड्यांवरून बाया इतक्या लांबून येतात, रात्रपाळीला निदान दोन सिस्टर द्या, आणि ठोक्यांचा कागद कॉटजवळ लावा, आम्हाला दिसेल असा.

– एक आजी, ता. चोपडा, जि. जळगाव