झाग्रेबहून अप्पांना

झाग्रेब, 4 मे

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, फोटोतली पुष्पचक्रं कसली. 1995 साली क्रोएशियाच्या या राजधानीवर रॉकेटांचा मारा झाला, त्यात गेलेल्यांसाठी आहेत ती. तेव्हा मी ड्युटीवर होतो, आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं. तुम्ही तोफखान्यात ग्रॅडवर, म्हणजे रॉकेटं सोडणाऱ्या गाडीवर काम केलेलं, म्हणून सविस्तर लिहितो. आईला सगळं वाचून दाखवू नका.

इथेही 1 मेला सुट्टी असते. माक्सिमिरच्या बागेत घेवड्याची पातळ उसळ फुकट वाटतात, मीही रांग लावून खाल्ली. 1995 साली याच दिवशी क्रोएशियाच्या सैन्याने पश्चिम स्लाव्होनियात मोहीम उघडली होती. क्रोएशिया युगोस्लाव्हियातून बाहेर पडला, तेव्हा इथल्या सर्बांनी क्रोएशियातून फुटून आपलं वेगळं राज्य काढलं. राजधानी क्निन. पश्चिम स्लाव्होनियाचा तुकडा हातचा जातोय म्हटल्यावर त्यांचा अध्यक्ष मिलान मार्तिच याने थेट झाग्रेबवर रॉकेटं सोडायला लावली. 2 मे, मंगळवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास. कामाचा दिवस, रस्ते भरलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. दोन दिवसांत 7 माणसं गेली, दोनशेच्या आसपास जखमी. पहिल्या दिवशी श्ट्रोसमायर चौक, पेत्रिन्यस्का, व्लाश्का हे गजबजलेले भाग सापडले. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचं रुग्णालय आणि राष्ट्रीय नाट्यगृह. तिथले बॅले नर्तक जखमी झाले. याच रस्त्यांवरून मी रोज हॉटेलात जातो.

आता तुमच्या कामाचं. रॉकेट होतं ओर्कान, 262 मिलिमीटरचं, एका गाडीवर 12 नळ्या. पल्ला 50 किलोमीटर. एका रॉकेटच्या पोटात 288 छोटे बॉम्ब आणि प्रत्येकात 3 मिलिमीटरच्या 420 गोळ्या. मारा झाला वोयनिचच्या बाजूने, म्हणजे सातारा-कऱ्हाड एवढ्या अंतरावरून, पल्ल्याच्या अगदी टोकाला. तिथून हे रॉकेट ठरल्या जागेपासून हजार मीटर इकडे किंवा तिकडे जाऊ शकतं. मोकळ्या माळावर पसरलेल्या फौजेसाठी ते ठीक असेल, पण शहरात?

मार्तिचवर पुढे हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. त्याची बाजू अशी की शहरात गृह मंत्रालय, संरक्षण मंत्रालय, विमानतळ अशी लष्करी लक्ष्यं होती. न्यायाधीशांनी म्हटलं, ती असोत वा नसोत, या अंतरावरून या शस्त्राने नेमकं लक्ष्य साधताच येत नाही, म्हणजे हा नागरिकांवरचाच हल्ला. मला हा निकाल फार पटला. हेतू काय होता याच्या कितीही गप्पा मारा, पल्ला आणि विखुरणं खोटं बोलत नाही. शिवाय आदेश आपणच दिला, असं मार्तिच स्वतः रेडिओवर बोलून बसला होता. 2007 मध्ये त्याला 35 वर्षांची शिक्षा झाली. त्यात इतरही गुन्हे होते, बिगर-सर्बांना हाकलण्याचे वगैरे.

आमच्या किचनमधल्या एक बाई तेव्हा शाळेत होत्या. त्या म्हणतात, स्फोटांपेक्षा नंतरचे दिवस वाईट. न फुटलेले बॉम्ब अंगणांत, छपरांवर पडलेले, आणि आई खाली खेळायला सोडत नव्हती. असाच एक बॉम्ब निकामी करताना पोलिसांचा तज्ज्ञ गेला.

ज्यांच्या नावाने हे केलं, त्यांच्या पदरात तरी काय पडलं? ऑगस्टमध्ये क्रोएशियाच्या सैन्याने क्निन घेतलं आणि दीड-दोन लाख सर्ब ट्रॅक्टरवर सामान लादून निघून गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनाही मारलं गेलं. इथे तो विषय काढला की लोक जरा आखडतात. मीही आता काढत नाही, परक्या माणसाने किती बोलावं!

अप्पा, एक विचारायचं आहे. गाडीवरच्या जवानांना फक्त कोन आणि अंतराचे आकडे मिळतात, की समोर कुठली जागा आहे हेही सांगतात? तुम्ही कारगिलचं फारसं बोलत नाही, ते नकोच. एवढंच सांगा. रविवारी दुपारी फोन करतो, तेव्हा आई देवळात गेलेली असेल.

पैसे सोमवारपर्यंत खात्यात येतील. त्यातून मोटारीचं वायंडिंग आधी करून घ्या, विहिरीचं नंतर बघू.

तुमचा,
धाकटा